पंचविसावा तोतया

प्रकाशकाच्या ऑफिसात तिला सगळे मोजणीबाई म्हणत. तोंडावर नाही, पण दार पुरतं लागायच्या आत कानावर पडेल इतपत मोठ्याने. तिला त्याचं काही वाटत नसे, कारण काम तेच होतं. लिहिलेलं कुणाचं, हे ती शब्द मोजून सांगायची. वादातली मृत्युपत्रं, निनावी धमक्या, चोरलेले प्रबंध, असं पुष्कळ काही तिच्या टेबलावरून गेलं होतं. माणूस मोठमोठे शब्द दुसऱ्याचे उचलतो, पण 'मग', 'तर', 'पण', 'म्हणजे' ही किरकोळ मंडळी त्याची स्वतःची असतात आणि वाक्यात कुठे थांबायचं तेही त्याचं स्वतःचं असतं. मोजायचं ते हेच. मजकूर काय म्हणतो याच्याशी मोजणाऱ्याला देणंघेणं नाही. उलट, वाचायला बसलात की फसलात, असं ती विद्यार्थ्यांना दर वर्षी बजावायची.

या खेपेची पुस्तकं तत्त्वज्ञानाची होती. भांडण मात्र चारचौघांच्या घरात होतं तसलंच.

थोरले सर आणि धाकटे सर एकाच कॉलेजात चाळीस वर्षं शिकवत होते. रोज चारच्या ठोक्याला धाकटे सर थोरल्यांच्या घरी हजर व्हायचे आणि दोघं अंधार पडेपर्यंत वाद घालायचे. त्यातून पुस्तकं निघाली सहा. सहाही पुस्तकांवर नाव थोरल्यांचं. आता दोघेही हयात नव्हते. सहाव्या पुस्तकाची नवी आवृत्ती छापायला घेतली आणि धाकट्यांची मुलगी मध्ये उभी राहिली. ती दातांची डॉक्टर होती, तिला उपटून काढायची सवय होती. तिचं म्हणणं असं की त्या पुस्तकातली चौथ्यापासून सातव्यापर्यंतची प्रकरणं तिच्या बाबांनी लिहिली आहेत. माणूस गेल्यावर घरात काय उरतं, याबद्दलची ती चार प्रकरणं. लोक पुस्तक विकत घेतात ते त्या चारांसाठी. बाकीचं परीक्षेपुरतं वाचतात.

"मला दुसरं काही नको," डॉक्टर पहिल्या बैठकीत म्हणाली होती. "पुस्तकावर बाबांचं नाव हवं. चाळीस वर्षं रोज त्या घरी जात होते ते. नुसता चहा प्यायला जात होते का?"

समोर थोरल्यांचे चिरंजीव बसले होते. साठीला टेकले तरी सगळे त्यांना चिरंजीवच म्हणत. "काकांबद्दल आदर आहेच आम्हाला," ते म्हणाले, "पण लिहिलं अप्पांनीच. आमच्या डोळ्यांदेखत."

मोजणीबाईने तेव्हाच एक गोष्ट सांगून टाकली होती. थोरल्या सरांचे डोळे गेल्यावर अडीच वर्षं ती त्यांच्याकडे कामाला होती. एकोणीस वर्षांची होती तेव्हा. सर तोंडी सांगायचे, ती लिहून घ्यायची आणि मग लिहिलेलं वाचून दाखवायची. "पक्षपात करीन असं वाटत असेल तर आत्ताच बोला," ती म्हणाली. चिरंजीव हसले. अहो, म्हणूनच तर तुम्ही, दोघांनाही पाहिलेलं आता आहे कोण, म्हणाले. डॉक्टरनेही मान डोलावली. मोजणीबाईला स्वतःलाही त्यात वावगं काही दिसलं नाही. वाचणारी मुलगी म्हणजे सरांचा चष्मा. चष्म्याला कोण विचारतं, तू कुणाच्या बाजूचा म्हणून! अहवाल शुक्रवारी द्यायचा ठरला.

तिच्या धंद्यात एक रीत आहे. वादातला मजकूर आणि दोनच संशयित असं मोजणाऱ्या यंत्रापुढे, म्हणजे संगणकापुढे, ठेवलं तर यंत्र बिचारं दोघांतला एक निवडतंच, मग दोघेही निर्दोष का असेनात. म्हणून त्या दोघांमध्ये ज्यांचा प्रकरणाशी काडीचा संबंध नाही अशी माणसं मिसळायची. काळ तोच, शिक्षण तसंच, लिहिण्याची जातकुळी तीच. या माणसांना धंद्यात तोतये म्हणतात. इतक्या गर्दीतून यंत्राने पुन्हा पुन्हा एकालाच बाहेर ओढलं, तर त्याच्यावर विश्वास ठेवायचा. तिने पंचवीस तोतये जमवले होते, सगळे जुन्या मासिकांत निबंध लिहिणारे मास्तर. मंगळवारी त्यातला एक गळाला, कारण त्याचा निबंध भाषांतर निघाला. आता नवीन मास्तर शोधायला जुन्या अंकांच्या धुळीत कोण शिरणार? तिने हाताशी होता तो आपलाच जुना प्रबंध पंचविसाव्या जागेवर टाकला. असं सगळेच करतात. यंत्र चालू केलं आणि ती चहा आणायला गेली.

परत आली तेव्हा आकडे येऊन पडले होते. शंभर फेऱ्या झाल्या होत्या आणि दर फेरीत यंत्राने एक लेखक निवडला होता. पहिल्या प्रकरणात थोरले सर जवळजवळ सगळीकडे. दुसऱ्या-तिसऱ्यात गंमत होती: तिथे धाकटे सर थोरल्यांच्या बरोबरीने निघत होते. त्या प्रकरणांबद्दल कुणी तक्रारच केली नव्हती. आणि वादातल्या चार प्रकरणांत? थोरले सर अकरा. धाकटे सर तीन. तोतया क्रमांक पंचवीस, शहाऐंशी.

ती आधी हसली. फायलींची नावं उलटीपालटी झाली असणार, दुसरं काय! तिने फायली तपासल्या. बरोबर होत्या. बारके शब्द काढून टाकून नुसती वाक्यांची लांबी ठेवली, तर शहाऐंशीचे एक्क्याण्णव झाले. मग तिने पडद्यावर वाक्यांच्या लांबीचा आलेख काढला आणि चहा तसाच निवत राहिला. एक लांब वाक्य. मग त्याच्या निम्मं. मग त्याच्याही निम्मं. पुन्हा लांब, निम्मं, पाव. चारही प्रकरणांत पानांमागून पानं हेच चाललं होतं, आणि शेजारी तिच्या प्रबंधातही हेच. आपण असं लिहितो हे तिला आजवर माहीतच नव्हतं.

मग विद्यार्थ्यांना जे करू देत नव्हती तेच तिने केलं. पुस्तक उघडलं आणि चौथं प्रकरण वाचलं, मोठ्याने.

"माणूस गेल्यावर त्याच्या वस्तू ओक्याबोक्या वाटतील असं धरून आपण घाबरत घाबरत कपाट उघडतो. वस्तू तर जागच्या जागी दिसतात सगळ्या. हललेली असते जागा. एवढंच."

ती खोली समोर उभी राहिली. खिडकीबाहेर पाण्याची टाकी. सर खुर्चीत, डोळ्यांवर घडी घातलेला रुमाल. पुढ्यात दोन बश्या आणि एका बशीत कागदांना लावायच्या पिना. तिने एक पान वाचून संपवलं की ते एक पिन उचलून दुसऱ्या बशीत टाकायचे, कारण किती काम झालं हे त्यांना हाताला लागायला हवं असे. त्यांची वाक्यं अवजड असत. वाचताना तिला दम लागायचा, मग तिची जीभ आपोआप ती मोडायची, सोयीसारखी वळवायची. सर बोट वर करायचे. "आत्ता वाचलंस तसंच ठेव." ती पानावर दुरुस्ती करायची. याला लिहिणं म्हणतात असं तिच्या मनातही कधी आलं नाही. पुसापुशी होती ती. आणि एकदा मजकूर संपला हे त्यांना कळावं म्हणून ती म्हणाली होती, "एवढंच." सरांची पिन बोटांत तशीच राहिली. "तेही लिही," ते म्हणाले होते.

त्या 'एवढंच'वर पुढे विद्वानांनी दोन ग्रंथ लिहिले. नकाराचं तत्त्वज्ञान की कसलंसं.

आता खरी पंचाईत सुरू झाली. ती प्रकरणं तिच्यासारखी होती, इतकं खरं. पण का? तिने सरांना लिहून दिलं होतं म्हणून, की उतारवयात सरांचाच आवाज बदलला होता आणि त्यांनी तोच तिला शिकवला होता म्हणून? त्या घरात शिरली तेव्हा ती कोवळी पोर होती. बाहेर पडल्यावर तिने प्रबंध लिहिला, लेख लिहिले, नाव मिळवलं. ते सगळं जर त्या खुर्चीतल्या माणसाने आत भरून ठेवलेलं असेल तर? तीस वर्षं आपण एका गेलेल्या माणसाच्या तोंडाने बोलतोय आणि आपलं म्हणावं असं आत कुणी नाहीच? अहवालाचं काहीही होवो, हे तिला कळायलाच हवं होतं.

बुधवारी डॉक्टरचा निरोप आला, काम कुठवर आलं म्हणून. तिने उत्तर लिहिलं: "शुक्रवारी अहवाल देतेच, पण मधल्या प्रकरणांच्या काही नोंदी मला पुन्हा एकदा तपासून बघायच्या आहेत. त्यात थोडा वेळ जाईल असं दिसतं. नक्की कळवते." लिहून झालं आणि तिने बोटाने शब्द मोजले. लांब, निम्मं, पाव. तिने ते खोडलं, दुसऱ्या शब्दांत लिहिलं, पुन्हा मोजलं. पुन्हा तेच. कुणीतरी मागून हात धरून गिरवून घेत असल्यासारखं वाटून तिने खुर्ची वळवून पाहिलं. मागे फायलींचं कपाट होतं आणि त्याचं दार किंचित उघडं होतं. ते तिनेच सकाळी उघडं ठेवलं होतं, हे माहीत असूनही ती उठून लावून आली.

त्या क्षणापासून तिने बोलणंच टाकलं. 'हो', 'नाही', 'बघू' यावर भागवायला लागली. लिफ्टमध्ये शेजारच्या काकू म्हणाल्या, घसा बसलाय वाटतं. तिने मान हलवली.

उपाय एकच होता. त्या घरात पाऊल टाकण्याआधीचं स्वतःचं लिखाण. ते जुळलं, तर आवाज तिचा. नाही जुळलं, तर सरांचा. आणि तसं लिखाण जगात एकाच ठिकाणी होतं. ताई कामासाठी काही वर्षं परगावी होती आणि सरांकडे लागण्याआधी ती ताईला दर आठवड्याला पत्र लिहायची, आणि ताईने आयुष्यात कधी काही फेकलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी ती ताईच्या दुकानात गेली. किल्ल्या बनवणाऱ्याच्या आणि झेरॉक्सवाल्याच्या मध्ये कसंबसं मावलेलं शिवणकामाचं दुकान. ताई मशीनवर वाकलेली, ओठांत दोन टाचण्या.

"ठमे, चेहरा काय केलायस!" टाचण्या न काढता ताई म्हणाली. "जेवतेस की नाही?"

"पत्रं हवीत. माझी. जुनी."

"आता ग? काय करायचीत?"

"मोजायचीत."

ताईने टाचण्या काढल्या, तिच्याकडे नीट पाहिलं आणि बटणांच्या फळीवरचा बिस्किटांचा डबा उतरवून दिला. पत्रं बटणांच्या खाली होती. कापायच्या टेबलाच्या कोपऱ्यावर लॅपटॉप ठेवून तिने एकेक पत्र टाइप केलं. हसूच येत होतं. वाक्याला शेंडा ना बुडखा. 'आणि मग ती म्हणाली आणि मग मी म्हटलं आणि मग आई आली' असं दीड-दीड पान, मध्ये श्वास घ्यायलाही जागा नाही. दुपारपर्यंत बारा पत्रं झाली. तिने यंत्र चालू केलं.

शंभरात शून्य. एकदासुद्धा नाही. ती अल्लड पोर आणि प्रबंध लिहिणारी बाई यांची एकमेकींशी ओळखदेख नव्हती.

तिने लॅपटॉप मिटला. रडायचं नव्हतं, तरी रडू फुटलं. "ताई, मी मी नाहीच ग," ती म्हणाली. "त्या म्हाताऱ्याने मला पुसून टाकलं आणि वरती आपलं लिहिलं. मी बोलते ते त्याचं आहे. सगळं त्याचं."

"वेडी का तू?" ताईने पायानेच स्टूल पुढे सरकवलं. "बस. काय लिहिलंय एवढं त्याने? वाच बघू."

ताईने तत्त्वज्ञानाचं पुस्तक कधी हातातही धरलं नव्हतं. 'मान दुखते,' म्हणायची. मोजणीबाईने नाक पुसलं आणि पाचव्या प्रकरणाचं पहिलं पान काढलं.

"घरातला आवाज थांबला की शांतता होईल असं वाटतं, पण नळ, भांडी, जिना, सगळं आणखीच वाजायला लागतं. आपण त्यातून एकच आवाज वेगळा काढू बघतो. तो सापडत नाही. एवढंच."

मशीन थांबलं होतं. तिला वाटलं ताई ऐकते आहे म्हणून. ती पुढे वाचत गेली. अर्ध्या पानावर तिने मान वर केली तर ताई उठून उभी होती, आणि तिचे हात हवेत होते. दोन्ही हातांच्या चिमट्या धरलेल्या, खांद्याएवढ्या उंच. वाक्य लांबलं की हात रुंदावत. निम्म्या वाक्याला एकमेकांजवळ येत. पाव वाक्याला खाली उतरत. 'एवढंच'ला ताईने रिकामे हात टेबलावर थापटले.

"ताई?"

"हे कुणी लिहिलंय म्हणालीस?" ताईने विचारलं.

"सरांनी. किंवा मी. तेच तर कळत नाही."

"ही आई आहे ग," ताई म्हणाली.

इस्पितळाच्या धुलाईघरात आई चादरींना घड्या घालायची. दिवसाला तीनशे चादरी. शाळा सुटली की ताई समोरची दोन टोकं धरायला जायची. चादर पूर्ण ताणलेली असताना आई लांबलचक काहीतरी बोलायची, कुणाचं काय झालं, कोण बरं होऊन गेलं, कोण नाही. मग दोघी चालत येऊन टोकाला टोक भिडवायच्या, तेव्हा त्याहून थोडकं. दुसऱ्या घडीला आणखी थोडकं. आणि चादर ढिगावर ठेवताना ती थापटून म्हणायची, एवढंच. तीनशे वेळा. तिचं बोलणं घरीदारी तसंच झालं होतं, हातात चादर नसली तरी.

"पण मला कसं नाही आठवत?"

"तू कुठे घड्या घालायला होतीस? वाफेने तुला खोकला यायचा. तू ढिगावर बसून पाढे म्हणायचीस, पाठ आमच्याकडे करून." ताईने डोळे पुसले. "कानावर पडत होतं की पण. सगळं पडत होतं."

तिने पुस्तक टेबलावर ठेवलं. तिला तारखा आठवायला लागल्या, आणि तारखांच्या बाबतीत ती कधी चुकत नसे. सहावं पुस्तक सुरू झालं तेव्हा आई होती. तीन प्रकरणं झाली आणि आई गेली. दहाव्या दिवशी ती सरांकडे परत कामावर गेली. सर पिनांच्या बश्या पुढे ओढून फक्त म्हणाले, "वाच." त्या दिवशी चौथं प्रकरण निघालं. कारण तिला दुसऱ्या कुठल्या आवाजात तोंड उघडताच येत नव्हतं. घरी कुणी नव्हतं बोलायला, ताई परत परगावी गेलेली. तिने आईला त्या खोलीत आणून बसवलं होतं, आणि आंधळ्या माणसाने ओळखलं होतं की इथे कुणीतरी आलं आहे. म्हणूनच बोट वर करत होता तो. आत्ता वाचलंस तसंच ठेव.

ती त्या खोलीतल्या सगळ्यांना मोजून बसली होती आणि जी आली होती तिलाच मोजायची राहिली होती.

"आईचं काही लिहिलेलं आहे का ग?" तिने विचारलं. "काहीही. चिठ्ठी, हिशेब, नाव."

"लिहिता कुठे येत होतं तिला? तुझ्या शाळेच्या फॉर्मवर अंगठा आहे, तेवढाच."

अंगठा मोजता येत नाही. यंत्रापुढे ठेवायला आईचा एक शब्द नव्हता. उद्याच्या अहवालात काय लिहायचं ते आता तिला कळलं होतं आणि ते कुणालाच आवडणार नव्हतं. दुसऱ्या-तिसऱ्या प्रकरणांत धाकटे सर आहेत, त्यांचं नाव पुस्तकावर घालावं; डॉक्टरला तेवढं तरी मिळेल. चार ते सात ही प्रकरणं दोघांपैकी कुणाचीच नाहीत. ती वाचून दाखवणारीच्या तोंडून आली, आणि ती वाचणारी मीच. पण आवाज माझाही नाही. ज्या व्यक्तीचा आहे तिचा नमुना उपलब्ध नाही.

"नाव घालतील आईचं?" ताईने विचारलं.

"पुरावा नाही ना."

"पुरावा गेला खड्ड्यात." ताईने कोपऱ्यातून गिऱ्हाइकाचा एक पडदा ओढून काढला, दुमड घालून तयार झालेला, पांढरा, चांगला लांब. त्याची दोन टोकं तिच्या हातात दिली. "धर."

तिने आयुष्यात पहिल्यांदा धरली. ताई मागे मागे जात दुकानाच्या दारापर्यंत गेली. पडदा ताणला गेला. पुस्तक टेबलावर मिटलेलं होतं. तिने तोंड उघडलं, आणि शब्द आले. ते पुस्तकातले होते की नव्हते, तिला सांगता आलं नसतं. खाट क्रमांक नऊवरच्या बाईबद्दल होतं काहीतरी, जिला भेटायला कुणी येत नसे आणि तरी ती रोज केस विंचरून बसायची. ही बाई तिने कधी पाहिली नव्हती. दोघी चालत आल्या, टोकाला टोक भिडलं, आणि वाक्य निम्मं झालं. दुसऱ्या घडीला पाव. ताईची बोटं तिच्या बोटांना लागली. ताईची बोटं गार पडली होती.

ताईने डोळे मिटले होते. मोजणीबाईने घडी टेबलावर ठेवली आणि थापटली.

"एवढंच," ती म्हणाली.

"पुढची दे, आई," ताई म्हणाली.

पुढची काही नव्हती. बाहेर किल्लीवाल्याची कानस करकरत होती. दोघी तशाच समोरासमोर उभ्या राहिल्या, हात पुढे करून.